गच्चीवरचं विमान रस्त्यावर येतं तेव्हा

कोलाड म्हटलं की डोक्यात आधी येतं ते कुंडलिकेतलं राफ्टिंग. भिऱ्याला वीज तयार करून झालेलं पाणी सकाळी नदीत सुटतं, राफ्ट निघतात, लाइफ जॅकेटमधले सेल्फी पडतात आणि दुपारी सगळी गँग मुंबई-पुण्याच्या वाटेला लागते. पण पुढच्या वेळी थोडा वेळ काढून कोलाडच्या रेल्वे स्टेशनकडे वळा. तिथे रो-रो नावाचा प्रकार आहे. सपाट वॅगनवर भरलेले ट्रक एकामागोमाग एक चढतात, चाकं पक्की केली जातात आणि ड्रायव्हर-क्लीनरसकट सगळी वरात रुळांवरून गोव्याकडे निघते. कोकण रेल्वेवर ही सेवा १९९९ पासून आहे. २०२५ च्या गणपतीत तर कोलाड ते वेर्णा आपल्यासारख्यांच्या कारसाठीही ती सुरू झाली.

ती ट्रकची रांग बघताना डोक्यात एक भन्नाट विचार येतो. या रांगेत एखाद्या ट्रेलरवर चक्क विमान असलं तर? खेळण्यातलं नाही. खरं, दोन सीटचं, मालकानं स्वतःच्या हाताने रिव्हेट मारून बनवलेलं. पंख काढून बाजूला बांधलेले, धड ताडपत्रीखाली, आणि मालक दर दहा मिनिटांनी खाली उतरून पट्टे ओढून बघतोय.

हसू नका. जगात असली हजारो विमानं आहेत. आणि त्यातलं एक आपल्या मुंबईत, एका बिल्डिंगच्या गच्चीवर जन्माला आलंय.

आधी ‘होमबिल्ट’ म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत हा प्रकार इतका रुळलेला आहे की त्यासाठी वेगळा सरकारी वर्गच आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, एवढी मुख्य अट. कंपन्या किट विकतात. खोक्यांतून पत्रे, रिब, नट-बोल्ट आणि जाडजूड नकाशे येतात. पुढची काही वर्षं गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी ठोकाठोक. या मंडळींची संघटना १९५३ मध्ये सुरू झाली आणि दर उन्हाळ्यात ऑश्कॉश नावाच्या गावी त्यांची जत्रा भरते. पंढरीच्या वारीला जावं तशी माणसं आपापलं विमान घेऊन तिथे येतात.

विमान बनवलं, पण ठेवायचं कुठे? विमानतळावर हँगरचं भाडं परवडत नाही. म्हणून काही विमानं मुळातच घरी न्यायच्या हिशोबाने आखलेली असतात. किटफॉक्स नावाच्या विमानाचे पंख पक्ष्यासारखे मागे दुमडतात. आरव्ही-१२ चे पंख मोठ्या पिनांवर बसतात; पिना काढल्या की दोघं जण काही मिनिटांत पंख उतरवतात. हे विमान रिकामं असताना भरतं साधारण साडेतीनशे किलो. दोन बुलेट एकत्र ठेवल्या तर त्या याच्याहून जड होतील! कारमागे छोटा ट्रेलर लावायचा, विमान घरी आणायचं, शेडमध्ये ढकलायचं. पुढच्या रविवारी पुन्हा धावपट्टीवर.

ऐकायला सोपं वाटतंय ना? सगळी मेख इथेच आहे.

चारकोपची गच्ची

कॅप्टन अमोल यादव मूळचे साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातले. व्यवसायाने एअरलाइनचे पायलट. कांदिवलीत चारकोपला एकत्र कुटुंब. आधीचे दोन प्रयत्न परवान्यापर्यंत पोहोचले नाहीत. मग तिसरं विमान त्यांनी राहत्या बिल्डिंगच्या गच्चीवर बांधायला घेतलं, आणि तेही सहा सीटचं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि १८० किलोचं इंजिन अरुंद जिन्याने वर चढवलं. कपाट वर नेताना जिन्याच्या वळणावर काय होतं ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. वर छप्पर ताडपत्रीचं, म्हणजे दर पावसाळ्यात तोच लढा. घरच्यांनी दागिने गहाण ठेवले, पैसा उभा केला. सहाएक वर्षं हे चाललं.

गच्चीवर विमान बनवण्यातली गंमत अशी की ते वरूनच्या वर उडून जाऊ शकत नाही. धावपट्टी लागते. म्हणजे ते खाली आणायचं. पुन्हा सुटं करायचं, क्रेन बोलवायची, एकेक भाग उतरवायचा आणि रस्त्याने न्यायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन भरलं, तिथे हे विमान लोकांनी पहिल्यांदा जवळून बघितलं. फोटो व्हायरल झाले, बातम्या आल्या. विमान मात्र तोवर एक फूटही उडालेलं नव्हतं.

पुढचा टप्पा कागदांचा. आपल्याकडे माणसाने घरी बनवलेलं विमान कुठल्या खणात बसवायचं हाच प्रश्न होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएकडे वर्षानुवर्षं फेऱ्या. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. ही अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावांवरून घेतलेली, कारण फाईल हलली ती मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांनी लक्ष घातल्यावर. यात कौतुक आहेच, पण मला थोडी हुरहुरही वाटते. प्रत्येक हौशी पोराची फाईल मुख्यमंत्र्यांपर्यंत कशी पोहोचणार? २०१८ मध्ये पालघरला विमान कारखान्यासाठी ३५ हजार कोटींच्या सामंजस्य कराराच्या हेडलाइन झाल्या. असे आकडे वाचून माझं तर डोकं चालेनासं होतं. मला त्यापेक्षा ऑक्टोबर २०१९ चा तो एक कागद जास्त मोलाचा वाटतो, उड्डाणाची परवानगी देणारा. आणि त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या त्या विचित्र दिवसांत, धुळ्याच्या धावपट्टीवरून विमानाने चाचणीसाठी जमीन सोडली.

चारकोप ते धुळे म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. साहजिकच, तिथवरचा प्रवास हवेतून झालेला नाही.

ऐंशीच्या स्पीडला विमान उडायला बघतं

आता ट्रेलरचं गणित. या वर्गातल्या विमानांचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण आठ-दहा मीटर भरतात. रस्त्यावरच्या गाडीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे पंख काढणं आलंच. पण नुसती रुंदी हे कारण नाही. ही विमानं ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगालाच उचलायला लागतात. हायवेवर आपली कार तेवढ्याच वेगाने जाते. पंख लावलेलं विमान ट्रेलरवर बांधून तुम्ही ऐंशीने निघालात तर त्याच्या दृष्टीने तो टेक-ऑफच आहे, फक्त पायलट पुढच्या कारमध्ये बसून गाणी ऐकतोय.

पंख काढले की ते आडवे टाकायचे नाहीत, उभे ठेवायचे. पुढची, म्हणजे जाड कड खाली, गादी किंवा कार्पेट लावलेल्या खाचेत. पंखाचा पत्रा इतका पातळ असतो की अंगठ्याने जोरात दाबला तरी पोचा येईल. धड त्याच्या स्वतःच्या चाकांवर उभं राहतं, पण ती चाकं धावपट्टीवरचे मोजके धक्के सोसायला बनवलेली. रस्त्याचा हादरा तासन् तास चालतो. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी इथे काही बोलत नाही, तुम्ही त्यावरून गेलेले आहात. खड्ड्यात ट्रेलर आपटला की धक्का थेट इंजिनाच्या आधारापर्यंत जातो. शेपटीचे हलणारे भाग, म्हणजे रडर आणि एलिव्हेटर, घट्ट लॉक करावे लागतात. विमान शेपूट पुढे करून बांधलं असेल तर वारा उलट दिशेने येतो आणि हे भाग फडफडून बिजागऱ्या खिळखिळ्या करतो.

म्हणून मला तो कोलाडचा रो-रो विचार अगदीच वेडा वाटत नाही. ठरलेल्या उंचीत माल बसला पाहिजे, चाकं पक्की पाहिजेत, बांधणी मजबूत पाहिजे, या अटी ट्रकवाल्यांना पाठ आहेत. पट्टा किती ताणायचा, काय कुठे घासतं, अर्ध्या वाटेत काय सैल होतं हे हायवेवरच्या अनुभवी ड्रायव्हरला एरोनॉटिकलच्या आपल्या मित्रापेक्षा जास्त कळतं. विमान पहिल्यांदा हलवताना अशा माणसाला सोबत घ्यावं.

आणि मग ते परत जोडायचं

खरी भीती इथे आहे. विमान कारखान्यातून आलेलं असतं तेव्हा प्रत्येक जोडावर कुणाची तरी सही असते. ट्रेलरवरून उतरवून स्वतः जोडलेल्या विमानावर सही तुमची. पंख बसला, पिन गेली, खटका लागला. पण पंखातला एलेरॉन पायलटच्या हातातल्या दांडीला जोडला गेलाय का? ही जोडणी राहून गेल्यामुळे ग्लायडर आणि छोट्या विमानांचे जीवघेणे अपघात झालेत. विमान छान धावतं, छान उचलतं, आणि पहिल्या वळणाला पायलटला कळतं की दांडी हलवून एका बाजूला काहीच होत नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला दोन माणसं लागतात. एक जण कॉकपिटमध्ये दांडी धरतो. दुसरा बाहेर जाऊन एलेरॉन हाताने घट्ट पकडतो. आतला दांडी रेटतो, बाहेरचा विरोध करतो. जोर हाताला जाणवला तरच जोडणी खरी. मग दुसरी बाजू, मग एलिव्हेटर, मग रडर. ‘दांडी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर गेला ना?’ हेही मोठ्याने विचारायचं, कारण तारा उलट जोडल्या गेल्याची उदाहरणंही आहेत. आणि हे चालू असताना कुणी येऊन ‘काय दादा, किती ॲव्हरेज देतं?’ असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. मधेच गप्पा झाल्या तर चाचणी पहिल्यापासून.

पुढचा मुद्दा वजनाचा, आणि तो बारावीच्या फिजिक्सचाच आहे. विमान हवेत एका बिंदूभोवती तोललेलं असतं, गुरुत्वमध्य. तो ठरलेल्या पट्ट्यातच असला पाहिजे. शोधायचा कसा? तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे. एक काल्पनिक विमान घेऊ. पुढच्या चाकावर ६० किलो, मागच्या दोन चाकांवर प्रत्येकी १२०. एकूण ३००. नाकाजवळच्या एका रेषेपासून पुढचं चाक ०.३ मीटरवर, मागची १.८ मीटरवर. वजन गुणिले अंतर: १८ अधिक ४३२, म्हणजे ४५०. भागिले ३०० केलं की गुरुत्वमध्य आला १.५ मीटरवर. आता १.७ मीटरवरच्या सीटवर ७५ किलोचा पायलट बसला की तो १.५४ वर सरकतो. मागे २.६ मीटरवर २० किलोची बॅग टाकली की जवळपास १.५९. समजा या विमानाची मागची मर्यादा १.५८ आहे. म्हणजे एका बॅगेने विमान बेकायदा झालं आणि, त्याहून वाईट, बेभरवशाचं झालं. शेपूट जड झालेलं विमान नाक वर काढत राहतं, वेग हरवतं आणि एकदा गडबडलं की सावरता येत नाही. इंजिनजवळ नवीन बॅटरी लावली, शेपटीवर रंगाचा जाड थर दिला, तरी काटे परत काढावे लागतात.

त्यानंतर येतात ते छोटे छोटे ट्यूनिंग, ज्यांत खरा शौकीन रमतो. नवं विमान हात सोडला की एका बाजूला कलतं किंवा नाक एकीकडे वळवतं. रडरच्या मागच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी असते. ती किंचित वाकवायची, उडून यायचं, बघायचं, परत किंचित. बाइकवाल्यांसाठी तर इंजिन म्हणजे मेजवानी. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ ला चार सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. दोन्ही एकसारखे उघडले नाहीत तर इंजिन थरथरतं आणि गिअरबॉक्स मार खातो. गिअरबॉक्स कशाला? कारण इंजिन फिरतं मिनिटाला ५,८०० पर्यंत आणि पंखा तेवढा फिरवून चालत नाही. म्हणून वेग दोन-सव्वादोन पटींहून जास्त खाली आणावा लागतो. दोन कार्बोरेटर सिंक करणारा गावातला जुना मेकॅनिक हे इंजिन बघून लगेच रुळेल असं मला वाटतं. फरक एवढाच, बाइक बंद पडली तर आपण ती रस्त्याच्या कडेला ढकलतो.

ॲडजस्टमेंट काय करू शकते याचा सगळ्यात कडू धडा फ्रान्समधला आहे. हेन्री मिग्ने नावाच्या हौशी माणसाने १९३३ मध्ये एक चिमुकलं विमान उडवलं, पू-दू-सिएल, ज्याला ‘उडती पिसू’ म्हणतात. दुसऱ्या वर्षी त्याने ते कसं बनवायचं याचं पुस्तकच काढलं. युरोपभर वेडच लागलं. सुतारकाम येणाऱ्या माणसांनी घराच्या मागे पिसवा बांधायला घेतल्या. त्याला दोन पंख होते, एकामागे एक, आणि दांडी ओढली की पुढचा पंख तिरका व्हायचा. १९३५-३६ मध्ये एकामागून एक अपघात झाले. १९३६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कारण सापडलं. विमान खाली सूर मारत असताना दांडी ओढली की दोन पंखांतली फट अरुंद व्हायची, मागच्या पंखाला जास्त उचल मिळायची आणि नाक आणखी खाली जायचं. वाचायला म्हणून जे करायचं तेच मारायचं. उड्डाणांवर बंदी आली. नंतर मिग्नेने आणि इतरांनी मापं बदलली आणि सुधारलेल्या पिसवा पुढे व्यवस्थित उडाल्याही. पण आधीचे पायलट परत आले नाहीत.

म्हणूनच अमेरिकेतही नव्या होमबिल्ट विमानाला आधी, सहसा २५ किंवा ४० तास, ठरलेल्या हद्दीतच, शहरांपासून लांब, उडवून दाखवावं लागतं. आपल्याकडे कागद फार, अशी तक्रार मीही करतो. पण पिसूची गोष्ट वाचल्यावर तक्रारीचा सूर जरा खाली येतो. कागद नकोत असं नाही. ते कुठे, किती दिवसांत आणि कुणाकडे मिळणार हे कॉलेजच्या पोराला आधीच कळावं, एवढंच.

आणि हो, विमानाचा विषय निघाला की कुणी ना कुणी १८९५ ची चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे काढणारच. तळपदे नावाचे गृहस्थ होते, त्यांना विमानाचा ध्यास होता. पण ते उडाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राशी ही गोष्ट जोडली जाते, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच गणितानिशी दाखवलंय. चारकोपच्या गच्चीची गोष्ट कमी चमत्कारिक आहे, पण तिला नोंदणी क्रमांक आहे.

मग आपण काय करायचं? लगेच घरी पत्रे आणू नका, सोसायटीचे सेक्रेटरी आधीच वैतागलेले असतात. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, जिथे बिनइंजिनाचं ग्लायडर विंचने ओढून वर सोडायची परंपरा आहे. सध्या उड्डाणं चालू आहेत का ते फोन करून विचारा आणि एक दिवस जाऊन या. तुमच्या कॉलेजात रेडिओ कंट्रोलच्या विमानांची टीम असेल तर तिच्यात घुसा. तिथेही गुरुत्वमध्य काढावाच लागतो, फक्त चुकला तर पडतं ते थर्माकोल.

आणि कोलाडला गेलात तर राफ्टिंगनंतर स्टेशनवर अर्धा तास थांबा. वॅगनवर चढलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, प्रत्येक दोरी हाताने ओढून बघतो, मग पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसतो. त्याची ती चक्कर नीट बघा.